तार हातातून सोडायची नाही

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

'शीर सापडत नाही' हे वाक्य आपल्यापैकी बहुतेकांनी रुग्णालयात कधी ना कधी ऐकलेलं असतं. दंडाला रबरी नळी आवळलेली, सिस्टर मनगटावर थापट्या मारताहेत, 'मूठ उघडा, मिटा' चाललेलं, आणि खाटेभोवती उभे असलेले नातेवाईक कासावीस. मी भूलतज्ज्ञ. माझं आयुष्य म्हणाल तर या एका वाक्याच्या अवतीभवती गेलं. शेवटी सगळ्यांना शीर सापडेनाशी झाली की भूलतज्ज्ञाला बोलवायचं, असा रुग्णालयांचा रिवाज आहे.

हाताची शीर मिळाली नाही तर मानेतली, गळपट्टीच्या हाडाखालची किंवा जांघेतली मोठी शीर गाठावी लागते. त्यासाठी जे साधन वापरतात त्याला इंट्रोड्यूसर म्हणतात. नाव भारदस्त असलं तरी वस्तू साधी आहे. एक पातळ प्लास्टिकची नळी, तिला इंग्रजीत शीथ म्हणतात, म्हणजे आपलं म्यान. त्या म्यानात निमुळत्या टोकाची एक दांडी, ती डायलेटर. बाहेरच्या तोंडाशी एक झडप आणि बाजूला एक बारीक फाटा. एवढ्याशा वस्तूपर्यंत पोचायला माणसाला किती वर्षं लागली, आणि ती सुरक्षितपणे वापरायला शिकताना कुणाकुणाला काय किंमत मोजावी लागली, ते आज सांगायचं आहे. त्यातली एक गोष्ट माझी स्वतःची आहे. ती सांगायला मला बरीच वर्षं धीर झाला नव्हता.

शिरेला सुई लावण्याची विद्या आपल्याकडे जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात शिराव्यधावर स्वतंत्र अध्याय आहे. तो रक्त बाहेर काढण्यासाठी, आत काही घालण्यासाठी नव्हे. पण कोणत्या शिरा अजिबात टोचू नयेत याचीही गणती त्या ग्रंथात आहे, आणि मला त्याचंच अधिक कौतुक वाटतं. कुठे हात घालायचा नाही हे ज्याला आधी कळलं, त्याने नक्कीच काही वाईट पाहिलेलं असणार.

शिरेतून आत काही घालण्याचा उद्योग युरोपात सतराव्या शतकात सुरू झाला. लंडनचं सेंट पॉल कॅथीड्रल बांधणारा ख्रिस्तोफर रेन याने 1656 च्या सुमारास ऑक्सफर्डमध्ये पक्ष्याच्या पिसाची पोकळ दांडी आणि जनावराचं मूत्राशय वापरून कुत्र्याच्या शिरेत औषध सोडलं. पुढे 1832 मध्ये ब्रिटनमध्ये कॉलऱ्याची साथ असताना स्कॉटलंडमधल्या लीथ गावच्या थॉमस लाटा या डॉक्टरने सुकून गेलेल्या रुग्णांच्या शिरेत मिठाचं पाणी सोडलं. आपण आज ज्याला 'सलाईन लावणं' म्हणतो त्याचा हा मूळपुरुष. पण कॉलऱ्याच्या रुग्णाची शीर चपटी झालेली असते, तिच्यात नळी घालायची तर ती उघडूनच काढावी लागे.

ही उघडून काढण्याची पद्धत विसाव्या शतकातही चालूच होती. आम्ही तिला कट-डाउन म्हणायचो. मी इंटर्न होतो तेव्हा, 1978 साली, रात्रपाळीत दोन-दोन कट-डाउन केल्याचं आठवतं. पायाच्या घोट्याच्या आतल्या बाजूला, हाडाच्या किंचित पुढे, एक शीर हमखास असते. कातडीवर छेद घ्यायचा, शीर मोकळी करायची, तिच्याखालून दोन दोरे ओवायचे. खालचा दोरा बांधून टाकायचा, वर छोटी खाच पाडून नळी सरकवायची आणि वरचा दोरा नळीभोवती आवळायचा. टॉर्चच्या उजेडात, डास मारत, हे काम अर्धा तास चाले. रुग्ण वाचे, पण ती शीर कायमची जाई. दोन्ही घोटे, दोन्ही कोपर संपले की पुढे काय, हा प्रश्न असायचाच.

आता जर्मनीत जाऊ. बर्लिनजवळच्या एबर्सवाल्डे गावात 1929 च्या उन्हाळ्यात वेर्नर फोर्समान नावाचा पंचविशीतला शिकाऊ सर्जन काम करत होता. घोड्याच्या मानेतल्या शिरेतून हृदयापर्यंत नळी घातल्याचं एक जुनं चित्र त्याने पुस्तकात पाहिलं होतं. माणसाच्या हृदयात थेट छातीतून सुई खुपसून औषध देण्यापेक्षा कोपराच्या शिरेतून नळी नेली तर? वरिष्ठांनी साफ नकार दिला. तेव्हा या गृहस्थाने शस्त्रक्रियेची सामग्री ताब्यात असलेल्या परिचारिकेचं मन वळवलं. ती म्हणाली, प्रयोग माझ्यावर करा. त्याने तिला टेबलावर बांधलं, तिच्या हातावर औषध चोपडल्याचं नाटक केलं आणि तिची नजर चुकवून स्वतःच्याच डाव्या कोपराची शीर उघडली. लघवीच्या मार्गासाठी बनवलेली लांब बारीक नळी त्याने आत सरकवली, मग तिला सोडवलं, आणि ती नळी हातात तशीच लोंबत असताना जिना उतरून दोघं क्ष-किरण विभागात गेले. तिथे पडद्यावर बघत बघत त्याने ती सुमारे 65 सेंटिमीटर आत, हृदयाच्या उजव्या कप्प्यापर्यंत नेली आणि फोटो काढून घेतला.

बर्लिनच्या मोठ्या रुग्णालयात या पराक्रमाचं स्वागत टिंगलीने झालं, नोकरी टिकली नाही, आणि फोर्समान मूत्रविकारांकडे वळला. तो नाझी पक्षाचा सभासद होता आणि युद्धात सैन्याचा डॉक्टर होता, हेही सांगायला हवं. धाडसी माणूस सगळ्याच बाबतीत आदर्श असतो असं नाही. तिकडे न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात कूर्नां आणि रिचर्ड्स या दोघांनी 1940 च्या दशकात त्याचीच वाट धरून हृदयाची तपासणी शास्त्रशुद्ध केली. 1956 चं नोबेल पारितोषिक तिघांना मिळालं, तेव्हा फोर्समान एका लहान गावात मूत्रविकारांचा डॉक्टर होता.

पण फोर्समाननेही शीर कापूनच उघडली होती. न कापता मोठी नळी आत कशी घालायची हा पेच तसाच होता. सुईच्या पोकळीतून नळी घालावी तर सुई नळीपेक्षा जाड हवी. म्हणजे भोक मोठं, नळी बारीक, आणि मधल्या फटीतून रक्त गळत राहणार.

हा पेच सोडवला स्टॉकहोमच्या करोलिन्स्का रुग्णालयातल्या स्वेन-ईवार सेल्डिंगर या तरुण क्ष-किरणतज्ज्ञाने. त्याचा लेख 1953 साली प्रसिद्ध झाला तेव्हा तो बत्तीस वर्षांचा होता. बराच खटाटोप फसल्यावर तो समोर सुई, धातूची तार आणि प्लास्टिकची नळी घेऊन बसला होता, आणि या तिघांचा क्रम कसा लावायचा ते त्याला एकदम सुचलं. सुई आत घाला. सुईतून तार आत सोडा. तार तशीच ठेवून सुई काढून घ्या. तारेवरून नळी आत सरकवा. तार काढून घ्या. झालं! पायजम्यात नाडी घालताना आपल्या आया-आज्या आधी काडी पुढे सरकवतात आणि तिच्या मागून नाडी येते, तसलाच हा व्यवहार. आता तार आणि नळी यांत फट नाही, आणि भोक नळीच्याच मापाचं.

सेल्डिंगरच्या वरिष्ठांना मात्र ही कल्पना पीएच.डी.च्या प्रबंधाला पुरेल एवढी मोठी वाटली नाही! त्याला दुसऱ्याच विषयावर प्रबंध लिहावा लागला. पुढे तो आपल्या मोरा या मूळ गावी परतला आणि तिथल्या रुग्णालयात निवृत्तीपर्यंत काम केलं. आज अँजिओग्राफी असो, डायलिसिसची नळी असो की पित्ताशयातला निचरा असो, त्या प्रत्येक कामात त्याचं नाव रोज घेतलं जातं. प्रबंध कुणी वाचत नाही.

सेल्डिंगरचं काम धमन्यांसाठी होतं. शिरांच्या बाजूने त्याच सुमारास, 1952 साली, ओबानियाक या फ्रेंच सर्जनने गळपट्टीच्या हाडाखालच्या मोठ्या शिरेत सुई घालण्याची रीत प्रसिद्ध केली. ही शीर आजूबाजूच्या हाडांना आणि पडद्यांना अशी घट्ट धरून असते की रक्त कितीही कमी झालं तरी ती चपटी होत नाही. मरणासन्न माणसातही ती उघडी सापडते. हा तिचा मोठा गुण. आणि हाच तिचा मोठा धोका, तो कसा ते पुढे येईलच.

आता फक्त म्यान यायचं राहिलं. तपासणीत नळ्या बदलाव्या लागत. दर वेळी नवी नळी शिरेच्या किंवा धमनीच्या भिंतीला घासून आत जाई. 1965 मध्ये डेझिलेट्स आणि हॉफमन या अमेरिकन डॉक्टरांनी सुचवलं, की एक पातळ म्यान आत ठेवून द्या. नळ्या त्यातून हव्या तितक्या घाला, काढा. रक्तवाहिनीला त्रास एकदाच. पुढे म्यानाच्या तोंडाला रबरी झडप आली. आणि 1979 मध्ये लिटलफर्ड याने पेसमेकरसाठी दुभंगणारं म्यान वापरात आणलं. पेसमेकरच्या तारेचं बाहेरचं टोक जाड असतं, त्यावरून म्यान निघत नाही. म्हणून ते वाटाण्याच्या शेंगेसारखं दोन्हीकडून सोलत सोलत काढायचं. मला हे साधन फार आवडतं. इतकी सरळ युक्ती, पण ती सुचायला चौदा वर्षं गेली!

या काळात ही सामग्री बनवणारे लोकही मजेशीर होते. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात बिल कुक नावाच्या माणसाने 1963 मध्ये घरातल्या रिकाम्या खोलीत तारा आणि नळ्या बनवायला सुरुवात केली. त्याची गाठ पडली चार्ल्स डॉटर या ऑरेगॉनच्या अवलिया डॉक्टरशी. प्रदर्शनात कुकची शेगडी रात्रीपुरती मागून नेऊन डॉटर सकाळी तयार नळ्या घेऊन हजर झाला, असं सांगतात. या डॉटरच्याच गोटात जडकिन्सने तारेच्या टोकाला इंग्रजी जे अक्षरासारखा बाक दिला, 1967 साली. सरळ टोक भिंतीत रुतू शकतं. बाक असलेलं टोक भिंतीला टेकून पुढे घसरतं. शिरेला भोक पडण्याचे किती प्रसंग त्या एका बाकाने टळले असतील!

मापाचीही एक गंमत आहे. या नळ्या 'फ्रेंच' मापाने मोजतात. पॅरिसमध्ये शार्येर नावाचा शस्त्रक्रियेची हत्यारं बनवणारा कारागीर होता, त्याने एकोणिसाव्या शतकात हे माप बसवलं. एक फ्रेंच म्हणजे एक तृतीयांश मिलिमीटर. सहा फ्रेंचची नळी म्हणजे दोन मिलिमीटर जाडीची. पण इथे नवख्या डॉक्टरची फसगत होते. कॅथेटरचं माप बाहेरच्या जाडीवरून सांगतात, आणि म्यानाचं माप आतल्या पोकळीवरून. सहा फ्रेंचच्या म्यानात सहा फ्रेंचची नळी जाते खरी, पण शिरेला पडणारं भोक त्याहून बरंच मोठं असतं. चुकून शिरेऐवजी शेजारच्या धमनीत सुई गेली तर सुई काढून दहा मिनिटं दाबून धरलं की बहुधा भागतं. तिथे आख्खा डायलेटर आणि म्यान गेलं, तर ते घाईने ओढून काढणं हीच सगळ्यात वाईट चूक. ते तसंच ठेवून रक्तवाहिन्यांच्या सर्जनला हाक मारायची. म्हणून डायलेटर हातात घेण्याआधी, तार शिरेतच आहे ना, याची खात्री करून घ्यायची. पूर्वी रक्ताचा रंग आणि उसळी बघून अंदाज बांधत. आता सोनोग्राफीच्या पडद्यावर शीर आणि तार दोन्ही दिसतात. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने 2002 मध्येच मानेतल्या शिरेसाठी सोनोग्राफी वापरण्याची शिफारस केली. आमच्या पिढीतले काही जण तेव्हा नाक मुरडत होते. 'आम्हाला बोटांनी कळतं' म्हणत. मीही म्हणत होतो.

डायलेटरबद्दल अजून एक. तो वाट रुंद करण्यापुरता आहे. तो दांडक्यासारखा मुठीपर्यंत आत घालायचा नसतो. थोडा फिरवत पुढे न्यायचा आणि मधून मधून तार मागेपुढे हलवून पाहायची. तार मोकळी हलली तर वाट सरळ आहे. अडली तर ती वाकली आहे, थांबायचं. आणि हे सगळं करताना तारेचं बाहेरचं टोक कायम कुणाच्या तरी बोटांत हवं. माझे गुरू म्हणायचे, "बाकी सगळं विसरलास तरी चालेल, तार हातातून सोडायची नाही." हातातून सुटलेली तार नळीच्या मागे मागे शिरेत जाते आणि हृदयापाशी जाऊन बसते. रुग्णाला त्या वेळी काही कळतही नाही. दुसऱ्या कुठल्या कारणाने छातीचा फोटो काढला की मग ती दिसते.

आता माझी गोष्ट. 1986 साल. एका मोठ्या रुग्णालयात मी काम करत होतो. एक ऊसतोडणी कामगार, वय चाळिशीचं, आतडं फुटल्याने शस्त्रक्रिया झालेली. फार रक्त गेलेलं, म्हणून मी मानेतल्या शिरेत साडेआठ फ्रेंचचा इंट्रोड्यूसर घातला होता. गडी काटक, नवव्या दिवशी खाटेवर पाय सोडून बसला होता, चहाची वाट बघत. मला शस्त्रक्रियागृहातून दोनदा बोलावणं आलेलं. मी म्हटलं, जाता जाता नळी काढून टाकू. वॉर्डच्या सिस्टर बाजूला होत्या. त्या म्हणाल्या, "सर, पेशंटला आधी आडवं करू का?" मी म्हणालो, "कशाला? एका मिनिटाचं काम आहे."

टाका कापला, नळी ओढली, कापसाचा बोळा ठेवला, तोही सैलच. त्याच वेळी त्याने खोल श्वास घेतला. एक बारीक सुर्र असा आवाज झाला. मग त्याने माझ्याकडे पाहिलं, ओठ निळे पडले आणि तो आडवा कलंडला.

झालं असं, की माणूस बसलेला असताना मानेतल्या शिरेतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. श्वास आत घेताना तो आणखी कमी होतो. नळीने नऊ दिवसांत पाडलेली वाट लगेच मिटत नाही, आणि मघाशी म्हटलं तशी गळपट्टीच्या हाडाखालची मोठी शीर तर चपटीही होत नाही. मग रक्त बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. पाच सेंटिमीटर पाण्याइतका दाबाचा फरक असला तरी 14 गेजच्या सुईतून सेकंदाला 100 मिलिलिटरच्या आसपास हवा जाऊ शकते, असं गणित आहे. आणि माझी नळी तर त्याहून जाड होती. ती हवा हृदयाच्या उजव्या बाजूला जाऊन फेस करते आणि रक्त पुढे जाऊ देत नाही.

मी क्षणभर नुसता उभा राहिलो. सिस्टरांनी मात्र बोळ्यावर घट्ट बोट दाबलं, त्याला डाव्या कुशीवर वळवलं आणि मामांना ओरडून खाटेच्या पायथ्याखाली विटा घालायला लावल्या, म्हणजे डोकं खाली जावं. मग माझे हात चालू लागले. प्राणवायू लावला. दहा-बारा मिनिटांनी त्याचा रंग परतला. संध्याकाळी त्याने तोच चहा पुन्हा मागितला. त्याच्या बायकोला मी काय झालं ते नीट सांगितलं नाही, "चक्कर आली" म्हणालो. ते मला आजही खुपतं. चुकीपेक्षा जास्त.

त्यानंतर मी एकही मोठी नळी रुग्णाला आडवं केल्याशिवाय, डोकं खाली केल्याशिवाय काढली नाही. श्वास रोखायला किंवा बाहेर सोडायला सांगायचं, त्या क्षणी नळी काढायची, लगेच दाबायचं आणि हवा जाणार नाही अशी चिकटपट्टी लावून अर्धा तास पडून राहायला लावायचं. घालतानाही तेच, डायलेटर काढला की म्यानाच्या उघड्या तोंडावर अंगठा. पण सिस्टरांनी विचारलं होतं आणि मी ऐकलं नव्हतं, ते कुठल्या चिकटपट्टीने झाकणार?

म्हणून 2006 मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या प्रयोगाबद्दल वाचलं, तेव्हा मी ते दोनदा वाचलं. जॉन्स हॉपकिन्सच्या पीटर प्रोनोव्होस्ट या डॉक्टरने अशा नळ्यांतून होणारा जंतुसंसर्ग कमी करण्यासाठी पाच साध्या गोष्टींची यादी केली होती. हात धुवा, पूर्ण निर्जंतुक आवरण वापरा, कातडी क्लोरहेक्सिडीनने पुसा, शक्यतो जांघेची शीर टाळा, गरज संपली की नळी काढून टाका. यात नवं काय, असं कुणीही म्हणेल. नवं हे होतं, की डॉक्टरने एखादी पायरी गाळली तर परिचारिकेने त्याला थांबवायचं, आणि तो तिचा अधिकार मानला गेला. शंभरावर अतिदक्षता विभागांनी दीड वर्ष हे पाळलं. संसर्गाच्या प्रमाणात 66 टक्क्यांपर्यंत घट झाली. यादी तर कुणालाही भिंतीवर चिकटवता येते. 'सर, थांबा' असं म्हणू शकणारी सिस्टर आणि ते ऐकणारा सर, ही जोडी जमायला वेळ लागतो. आपल्याकडे तर 'मोठ्या डॉक्टरांना कसं सांगायचं' हाच पहिला प्रश्न असतो.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी मी स्वतःच पोटाच्या शस्त्रक्रियेसाठी दाखल झालो. मानेत नळी घालायला एक तरुण मुलगी आली होती, निवासी डॉक्टर. तोंडावर हिरवं कापड, मला दिसत काहीच नव्हतं, पण कान उघडे होते. सोनोग्राफीच्या पडद्याकडे बघत ती एकेक गोष्ट मोठ्याने सांगत होती. "सुई शिरेत. तार आत. तार शिरेत दिसतेय. डायलेटर." मग थोडा वेळ शांतता. मी कापडाखालून विचारणार होतो, पण त्याआधीच सिस्टर म्हणाल्या, "डॉक्टर, तार?" आणि उत्तर आलं, "तार बाहेर, पूर्ण. ट्रेमध्ये ठेवलीय, बघून घ्या."

पाचव्या दिवशी नळी काढायची होती. चहा आला होता, मी उठून बसायला लागलो. सिस्टरनी माझ्या खांद्यावर हात ठेवून मला परत उशीवर टेकवलं, मग उशीही काढून घेतली. मी पूर्वी कोण होतो हे तिला ठाऊक नव्हतं.

"काका, आडवे राहा. नळी काढल्यावर अर्धा तास उठायचं नाही. चहा मी गरम करून आणते."